अरणचे सावतोबा आणि भादवा-आश्विनातले वावर

भाद्रपद संपत आला की बल्लारपूरच्या आसपासच्या धानवाल्या कास्तकाराला एकच धास्ती असते. हस्ताचा पाऊस येतो की नाही? पोळा होऊन गेलेला असतो, बैलांच्या शिंगांचा रंग अजून पुरता उतरलेला नसतो, वर्धा नदीचे गढूळ पाणी हळूहळू निवळू लागते, आणि बांध्यांमधला धान पोटरीत येऊन उभा राहतो. रोवणा आषाढ-श्रावणात झाला, निंदण झाले, खत पडले. आता माणसाच्या हातात फारसे काही राहिलेले नसते. हलका धान निसवू लागतो, जड धान त्याच्या मागून येतो. नेमक्या या पंधरा-वीस दिवसांत बांधीत ओल नसली तर लोंबी पोकळ राहते, दाणा भरत नाही आणि हाती नुसते फोल येते. म्हणून तलावाच्या पाण्यासाठी पाळ्या लागतात, बोडीचे पाणी आधी कोणी वळवले यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात, आणि रात्री रानडुकरांसाठी जागलीला जावे लागते. जंगलालगतच्या गावांत तर वाघाच्या भयाने एकट्याने धुऱ्यावर फिरायची सोय उरलेली नाही.

अशा दिवसांत गावोगावच्या विठ्ठलमंदिरांत हरिपाठाला माणसे कमी दिसतात, आणि जी येतात त्यांच्यातले एखादे मनातली खंत बोलून दाखवते. आषाढी येते तेव्हा रोवणा तोंडावर असतो किंवा सुरू झालेला असतो. परे वेळेवर काढून लावले नाहीत तर ते जून होतात, मग फुटवा कमी. कार्तिकी येते तेव्हा कापणी आणि बांधणी. मजूर मिळतील त्या दिवशी कामे उरकावी लागतात. एकादशी बघून धान थांबत नाही. इथून पंढरपूर सहा-सातशे किलोमीटर, जाणे-येणे आणि तिथला मुक्काम धरून हंगामातले चार-सहा दिवस सहज जातात. ज्याच्या घरी दुसरा कर्ता माणूस आहे तो निघतो. ज्याच्या घरी नाही त्याची माळ गळ्यात राहते आणि पाय चिखलात. वर्षांमागून वर्षे अशी गेली की त्याला वाटू लागते, आपण नावाचेच वारकरी.

ही खंत हसून उडवून लावण्यासारखी नाही. वारी हा आपल्या संप्रदायाचा प्राण आहे, आणि वारी चुकली तर जिवाला लागावे हेच खऱ्या वारकऱ्याचे लक्षण. पण याच खंतीचा विचार सातशे वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने आपल्या जगण्यातून करून ठेवलेला आहे, आणि तो शेतकरी आपल्या संतमंडळात मानाच्या जागी बसलेला आहे. त्याचे चरित्र आपण कीर्तनात अनेकदा ऐकतो. परंतु ते बहुधा चमत्काराच्या अंगाने ऐकतो, शेताच्या अंगाने ऐकत नाही. भादव्या-आश्विनातल्या या दिवसांत ते शेताच्या अंगाने सांगावे असे वाटते.

सावतोबांचे गाव अरण, आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, मोडनिंबाजवळ. पंढरपूर तिथून दमदार चालणाऱ्याला एका दिवसाच्या वाटेवर आहे. हे अंतर वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढची सगळी कथा त्या एका दिवसाच्या वाटेवर उभी आहे. आजोबा देवू माळी हे औसे गावाकडून अरणला येऊन राहिले असे सांगतात. घराणे पंढरीच्या वारकऱ्यांचे. देवूंना परसोबा आणि डोंगरोबा असे दोन मुलगे. परसोबा आणि नांगिताबाई यांच्या पोटी शके ११७२, म्हणजे इ. स. १२५० मध्ये सावतोबांचा जन्म झाला. घरात भजन, घरात वारी, आणि पोटासाठी मळा. यापेक्षा वेगळे शिक्षण त्यांना मिळाले नाही, आणि त्याची त्यांना कधी उणीव वाटली असेही दिसत नाही. माळ्याच्या कुळात जन्म मिळाला हे बरेच झाले, नाहीतर विद्येचा आणि कुळाचा ताठा अंगी आला असता, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे परंपरेने जपले आहे.

आपल्या कीर्तनांत सर्व संत एका वयाचे असल्यासारखे एका रांगेत उभे राहतात. काळाचा हिशेब मात्र पाहण्यासारखा आहे. नामदेवरायांचा जन्म १२७० चा आणि ज्ञानेश्वर माऊलींचा १२७५ चा. म्हणजे सावतोबा नामदेवरायांहून वीस आणि माऊलींहून पंचवीस वर्षांनी वडील. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली तेव्हा अरणचा हा माळी चाळिशीत आलेला होता. देवगिरीला यादवांचे राज्य होते. पंढरपूरच्या देवळात १२७३ पासून १२७७ पर्यंत देणग्यांची नोंद शिळेवर कोरली गेली. त्यालाच आपण चौऱ्याऐंशीचा लेख म्हणतो, आणि खुद्द रामदेवराव यादव व त्यांचे मंत्री हेमाद्रीपंडित यांची नावे त्यात आहेत. सावतोबांची तेव्हा ऐन पंचविशी. राजा आणि प्रधान पंढरीला येऊन दान देत होते, त्याच वर्षांत एका दिवसाच्या वाटेवर हा तरुण माळी वाफ्यांना पाणी देत होता. तो पंढरीला गेला नाही.

परंपरा असेच सांगते की सावतोबा पंढरीला कधी गेलेच नाहीत. बाप आणि आजा वारी करणारे, गाव इतके जवळ, आणि तरी हा माणूस गेला नाही. हे आळसाने झाले म्हणावे तर मळ्यात सूर्य उगवायच्या आधी हजर. अश्रद्धेने झाले म्हणावे तर ओठांवर अखंड नाम. मग कशाने झाले हे समजायला तिकडचे शेत थोडे समजून घेतले पाहिजे.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. धानाला तो पुरतो, कमी पडला तर आसोलामेंढा, घोडाझरी असे मोठे तलाव आहेत, गावोगावच्या बोड्या आहेत. गोंड राजा हिरशहाने असे फर्मान काढले होते म्हणतात, की जो जंगल तोडून जमीन करील त्याला ती जमीन, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने जेवढी भिजेल तेवढी. राजाचे औदार्य म्हणा की शहाणपण म्हणा, या मुलखाचा धान अशा तलावांवर वाढला. अरणचा मुलूख याच्या अगदी उलट. तिथे पाऊस आमच्या निम्माच, आणि तोही लहरी. मृगापासून आभाळ नुसते येते आणि जाते. त्या भागाला खरा पाऊस मिळतो तो भाद्रपदात, परतीच्या वेळी. म्हणून आमच्याकडे ज्या महिन्यात पीक संपत येते त्या महिन्यात तिकडे पीक सुरू होते. भादवा-आश्विनात काळ्या रानात शाळूची पेरणी करायची, जमिनीने पावसाचे जे पाणी पोटात धरून ठेवले असेल त्याच्यावर थंडीभर ती ज्वारी जगवायची, आणि माघ-फाल्गुनात काढायची. हस्ताचा पाऊस तोच. आमच्या कास्तकाराला तो दाणा भरायला हवा आणि तिकडच्याला दाणा पेरायला हवा.

माळ्याचे काम तर त्याहूनही घट्ट बांधलेले. शाळू पेरला की तो जमिनीच्या हवाली. भाजीपाला कोणाच्या हवाली करता येत नाही. पाऊस उघडला, भादव्याचे ऊन तापू लागले की वाफे बांधायचे. आश्विनात लसणाच्या पाकळ्या लावायच्या, कांद्याचे रोप टाकायचे, मुळा, मेथी, कोथिंबीर पेरायची. विहिरीला पाणी याच दिवसांत भरपूर आणि वरच्या पायरीपर्यंत. पण ते वर काढणार कोण? मोट ही काय चीज होती हे आजच्या पोरांना सांगावे लागते, म्हणून थोडे सांगतो. कातड्याची मोठी पिशवी विहिरीत सोडायची, तिला जाड दोर, दोराला बैल. बैल उताराच्या धावेवरून खाली चालत गेले की भरलेली मोट वर येते, सोंड थारोळ्यात मोकळी होते, पाणी पाटाने धावत मळ्यात जाते. मग बैलांना मागे सारत पुन्हा विहिरीच्या काठाशी आणायचे, मोट पुन्हा खाली. दिवसभर असे शेकडो फेरे. एक माणूस मोटेवर आणि दुसरा दारे धरायला, म्हणजे एक वाफा भरला की खोऱ्याने माती ओढून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला. दाऱ्यावरचा माणूस क्षणभर बेसावध झाला की बांध फुटतो आणि पाणी भलतीकडे जाते. कोवळे रोप दोन दिवस तहानलेले राहिले तर तिसऱ्या दिवशी त्याला पाणी पाजून उपयोग नसतो.

सावतोबांनी आपले आयुष्य या कामात घातले, आणि त्या कामाच्या लयीवर नाम बसवले. मोटेच्या फेऱ्याला लय असते, खुरप्याच्या हाताला लय असते. आमच्याकडे रोवण्याच्या वेळी गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया गाणी म्हणतात ती काही करमणूक म्हणून नव्हे, त्याशिवाय कंबर टिकत नाही म्हणून. ज्याने असे काम केले आहे त्याला सावतोबांचे रहस्य फोड करून सांगावे लागत नाही. ओठ मोकळे असतात, मन मोकळे असते. त्या मोकळ्या मनात धाकट्या भावाबद्दलचा राग, सावकाराचा हिशेब आणि शेजाऱ्याच्या धुऱ्याचे भांडण घोळवायचे की विठ्ठल घोळवायचा, एवढाच प्रश्न. सावतोबांनी विठ्ठल घोळवला. वर्षानुवर्षे घोळवला. मग त्यांना देव मळ्यातच दिसू लागला, भाजीच्या पानात आणि विहिरीच्या सामानात दिसू लागला. योग, याग, तीर्थ, व्रत यांच्या खटाटोपात पडण्याची गरज नाही, नामाने देव घरी येतो, असे त्यांनी आपल्या अभंगांतून स्पष्टच सांगितले.

हे लिहिताना एका गोष्टीची धास्ती वाटते, ती इथेच मांडून ठेवतो. सावतोबांचे नाव घेऊन वारी टाळणारी मंडळी आपल्यात थोडी नाहीत. सावता महाराज कुठे गेले होते पंढरीला, असे म्हणून दिंडीच्या वर्गणीपासूनही सुटका करून घेतात. त्यांच्या मळ्यात जाऊन पाहावे तर गवत कंबरेएवढे, आणि मुखात नाम म्हणाल तर ते फक्त जांभई येते तेव्हा. सावतोबा पंढरीला गेले नाहीत, पण पंढरीचे वारकरी अरणवरून जात तेव्हा त्यांचे पाय धुतल्याशिवाय पुढे सोडत नसत असे सांगतात. वारीचा कंटाळा त्यांना नव्हता. त्यांचे काम आणि त्यांची वारी यांत वेगळेपणच उरले नव्हते, ही गोष्ट निराळी, आणि ती आपल्याला साधली आहे असे समजण्याची घाई कोणी करू नये. मात्र ज्याचा खरोखरच रोवणा अडला आहे, बैल आजारी आहे, बाप अंथरुणावर आहे, तो या मंडळींत मोडत नाही. त्याने सावतोबांकडे खुशाल पाहावे.

प्रपंच त्यांनी केला, तोही पुरता. भेंड गावच्या जनाबाईशी त्यांचे लग्न झाले. विठ्ठल हा मुलगा आणि नागाताई ही मुलगी. पोराचे नाव विठ्ठल ठेवले की दिवसातून वीस वेळा हाक मारताना नाम आपोआप होते, हा आपल्या बायाबापड्यांचा जुना हिशेब त्यांच्याही घरी होता म्हणायचा. जनाबाईंना हे सगळे सोपे गेले नसावे. एकदा सासुरवाडीची माणसे घरी आली आणि सावतोबा भजनात इतके रंगलेले की त्यांना पाहुण्यांची शुद्धच नाही. पाहुणे रुसले, बाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले, आणि त्यांनी नवऱ्याला चांगलेच बोलून घेतले, अशी कथा आहे. सावतोबांनी शांतपणे त्यांची समजूत घातली असे चरित्रकार सांगतात. समजूत पटली असेल. पण पाहुण्यांसमोर लाजिरवाण्या झालेल्या त्या माऊलीची बाजूही आपण समजून घ्यायला हरकत नाही. संताच्या घरची चूल पेटती ठेवणारी बाई कीर्तनात दोन वाक्यांत संपते, हे काही बरोबर नव्हे. सावतोबा मोटेवर असताना दारे कोण धरीत असेल? भाजीच्या जुड्या कोण बांधीत असेल? आमच्याकडे तरी निम्म्याहून अधिक शेती बायांच्या हातांवर चालते.

आता ती प्रसिद्ध कथा. महिपतींनी १७६२ मध्ये पुरा केलेल्या भक्तविजयामुळे ती घरोघरी गेली. तिची सुरुवात सावतोबांपासून होत नाही, कूर्मदासांपासून होते. कूर्मदास पैठणचे; जन्मतः हात नाहीत, पाय नाहीत. पंढरीचा महिमा कीर्तनात ऐकून ते लोळत लोळत वारीला निघाले. वाटेत लोक भाकरीचा तुकडा तोंडात घालीत, पाणी पाजीत. असे करत ते लऊळपर्यंत आले. हे लऊळही माढा तालुक्यातच आहे. एकादशी उद्यावर आली आणि अंग पुढे सरकेना. तेव्हा त्यांनी जाणाऱ्या यात्रेकरूंबरोबर देवाला निरोप पाठवला, की मी आता येऊ शकत नाही, तूच ये. ही यात्रा कार्तिकीची, असे कीर्तनात सांगतात. म्हणजे महिना हाच पुढचा, शाळू वीतभर उगवून आलेला, कांद्याचे रोप लावणीला आलेले, सकाळी पानांवर दव.

निरोप मिळाला आणि देव निघाला. बरोबर ज्ञानदेव आणि नामदेव. वाटेत अरण. सावत्याला भेटून येतो म्हणून देव पुढे झाला, आणि मळ्यात शिरून सावतोबांना म्हणाला की माझ्यामागे चोर लागले आहेत, मला कुठेतरी लपव. सावतोबांनी इकडेतिकडे पाहिले. मळ्यात लपायला जागा ती कोणती? भाजीचे वाफे उघडे, विहीर उघडी. देवाला लपवण्यासारखी एकच जागा त्यांना सुचली. हातात होते तेच खुरपे घेऊन त्यांनी आपले पोट चिरले, देवाला आत घेतले, वरून घोंगडी बांधली आणि पुन्हा खाली बसून खुरपू लागले. मागून नामदेव आले. देव दिसेना. देवावाचून एक घटका ज्यांना करमत नव्हती ते नामदेव तिथेच रडू लागले, मळ्यात हाका मारीत फिरू लागले. अखेर त्यांची ती तळमळ पाहून सावतोबांनी देवाला बाहेर काढले, दोघांची भेट झाली, आणि मग सगळे मिळून लऊळला कूर्मदासांकडे गेले.

या कथेवर शंका काढणारे काढोत. शेतकऱ्याच्या कानाला तिच्यातली एक गोष्ट फार गोड लागते. देव आला तेव्हा सावतोबा पूजेला बसलेले नव्हते. हातात टाळ नव्हता, खुरपे होते. त्यांनी देवाला बसायला पाट मांडला नाही, कामही थांबवले नाही. देवाला आत ठेवला आणि उरलेला वाफा खुरपायला घेतला. आणि दुसरी गोष्ट. पंढरीला जाऊ न शकलेली दोन माणसे या कथेत आहेत. एकाचे शरीर चालत नव्हते, एकाचा मळा सुटत नव्हता. देव दोघांकडे एकाच फेरीत गेला. एकादशीच्या तोंडावर लाखो माणसे राउळात उभी असताना तो तिथून उठून गेला, हे सांगण्याचे धैर्य आपल्या परंपरेने दाखवले आहे. पण न आलेल्या ज्या दोघांकडे तो गेला, त्यांचा जीव पंढरीतच होता, हेही त्याच कथेत आहे.

सावतोबांच्या नावावर आज सदतीसच्या आसपास अभंग मिळतात. ते स्वतः लिहायला बसले नाहीत. मळ्यात काम करता करता जे ओठांवर आले ते काशिबा गुरव यांनी टिपून ठेवले, म्हणून आपल्यापर्यंत पोचले. काशिबांची आठवण कोणी फारशी काढत नाही, ती काढावी. माळ्याच्या बोलण्यात टिपून ठेवण्यासारखे काही आहे हे त्या काळी ओळखणारा तो एक माणूस. त्या अभंगांतल्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात भाज्यांची नावे येतात आणि त्यांत मिरचीही येते. जाणकार म्हणतात की मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, म्हणजे सावतोबांच्या नंतर दोन-अडीचशे वर्षांनी. तेव्हा तो शब्द मागाहून कोणा गाणाऱ्याने घातला असणार. हे म्हणणे मान्य करण्यात भक्ताचे काही जात नाही. सातशे वर्षे जे गाणे शेतात गायले गेले, त्यात शेतात नवे आलेले पीक शिरले. पिढ्यान्पिढ्या माळ्यांनी ते गाणे आपले मानले याचीच ती खूण आहे. आज आमच्याकडच्या बायांनी त्यात धान घातला तर सावतोबा रागावतील असे वाटत नाही.

शके १२१७, इ. स. १२९५, आषाढ वद्य चतुर्दशीला सावतोबांनी देह ठेवला. वय अवघे पंचेचाळीस. पुढच्याच वर्षी, १२९६ मध्ये, आळंदीला माऊलींनी समाधी घेतली आणि त्याच साली अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला. ज्या राज्यात सावतोबांची मोट चालली ते पुढे पंचवीस वर्षेही टिकले नाही. अरणच्या मळ्यात त्यांची समाधी आहे. मोट मात्र आता तिकडेही नाही. आधी डिझेलची यंत्रे आली, मग विजेचे पंप आले, आणि रात्रीची वीज असली की शेतकऱ्याला थंडीत मध्यरात्री उठून दारे धरायला जावे लागते. बैलांच्या लयीवर जे नाम चालत होते ते पंपाच्या घरघरीवर कसे चालवायचे, हे ज्याचे त्याने पाहावे. चालवणारे चालवतात.

आमच्या भागातल्या ज्यांना कार्तिकीला पंढरी गाठणे होत नाही, ते कार्तिकी पौर्णिमेला वढ्याला जातात. वर्धा आणि पैनगंगा यांच्या संगमावर तिथे विठ्ठल-रुक्मिणीचे देऊळ आहे, यात्रा भरते. हलका धान तोवर कापून झालेला असतो. सकाळी निघून संगमावर स्नान, दर्शन आणि संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी जड धानाच्या बांध्या वाट पाहत असतातच. संगमावरचे तेच पाणी पुढे बल्लारपूरच्या किल्ल्याखालून वाहत जाते.

आषाढी एकादशीला महाराष्ट्रातून संतांच्या पालख्या पंढरपुरात येतात, आळंदीहून माऊलींची, देहूहून तुकोबांची. अरणहून सावतोबांची पालखी येत नाही. ते जिवंतपणी गेले नाहीत, म्हणून त्यांची पालखीही जात नाही, असा रिवाज पडला आहे. एकादशी होते, गर्दी ओसरते, पालख्या परतीला लागतात, आणि मग वद्य पक्षात सावतोबांच्या पुण्यतिथीसाठी पंढरपुराहून पांडुरंगाचीच पालखी अरणला निघते. देव भक्ताच्या गावी येतो. गावात कीर्तने होतात, नारळांची हंडी फुटते, प्रसाद घेऊन माणसे पांगतात. त्याच सुमारास आमच्याकडे रोवणा ऐन भरात असतो. अरणचे शेतकरी पालखी मार्गाला लावून देतात आणि दुसऱ्या दिवशी आभाळाकडे बघत आपापल्या रानात जातात. त्यांचा खरा पाऊस अजून दोन महिने दूर असतो.